नवऱ्याच्या नवाहो पणजीचा शोध: पैसे भरलेली कंपनी वाया, फुकटच्या याद्या कामाच्या

सासूबाई न्यू मेक्सिकोतल्या गॅलपच्या. त्यांची आजी नवाहो, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ रहिवासी जमातीतली होती, ॲरिझोनातल्या फोर्ट डिफायन्सकडची, घरात एवढीच माहिती. लेक विचारायला लागली म्हणून हौसेने एका ऑनलाइन वंशावळ कंपनीला 400 डॉलर भरले. तीन महिन्यांनी पीडीएफ आली, उघडून बघते तर डॉझ रोलची पानं! अहो, डॉझ रोल म्हणजे ओक्लाहोमाकडच्या चेरोकी, चोक्टॉ वगैरे पाच जमातींची यादी, त्यात नवाहो कुठून सापडणार? नाशिकच्या उपाध्यायाकडे जाऊन काशीच्या वहीतलं नाव काढून आणल्यासारखं झालं. तक्रार केली तर म्हणे रिफंड नाही.

त्याआधी डीएनए किटही करून झालं होतं. नवरा 11 टक्के नेटिव्ह अमेरिकन निघाला, बरं, पण कुठल्या जमातीचा ते किट सांगत नाही आणि नवाहो नेशन, म्हणजे जमातीचं स्वतःचं सरकार, असल्या टक्क्यांवर सभासद करूनही घेत नाही.

मग मीच बसले. इंडियन सेन्सस रोल, म्हणजे अमेरिकन सरकारने केलेल्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या याद्या, 1885 ते 1940, अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. फक्त एक लक्षात ठेवा, 1935 च्या आधी नवाहोंच्या एजन्सी, म्हणजे त्यांचा कारभार बघणारी सरकारी कचेऱ्या, वेगवेगळ्या होत्या, शिपरॉक, ट्यूबा सिटी, क्राउनपॉइंट वगैरे, त्यामुळे आधी गाव पक्कं करा नाहीतर नुसती पानं उलटत बसाल. आणि आडनावावर तर अजिबात विसंबू नका. बिगे म्हणजे मुळात 'त्याचा मुलगा', याझी म्हणजे छोटा, नेझ म्हणजे उंच, कारकुनाने जे कानावर पडलं ते लिहिलं. नुसतं बिगे शोधणं म्हणजे पुण्यात 'अण्णा' शोधणं. आमची पणजी शाळेतल्या 'मेरी' नावाने सापडलीच नाही, सापडली ती बापाच्या नावाखाली 'डॉटर' म्हणून, वय दोन वर्षांनी चुकलेलं. प्रत्येक माणसापुढे मागच्या वर्षीचा नंबर असतो तो धरून मागे मागे जात राहिले आणि 1930 च्या दशकातल्या पानावर तिच्यापुढे 'F' दिसला, म्हणजे फुल ब्लड. रात्रीचा दीड वाजला होता, नवरा घोरत होता, त्याला हलवून उठवलं.

पुढचं काम नवाहो नेशनच्या राजधानीतल्या, विंडो रॉकच्या व्हायटल रेकॉर्ड्स ऑफिसचं. सभासदत्वाला किमान 1/4 नवाहो रक्त लागतं आणि मधल्या प्रत्येक पिढीचा जन्मदाखला. पणजी पूर्ण, नवऱ्याची आजी 1/2, सासूबाई बरोब्बर 1/4, म्हणजे त्या बसतात आणि नवरा 1/8 वर कटतो. सासूबाईंच्या आईचा दाखला अजून मिळायचाय, ती फाइल तिथेच अडकलीय.

पण खरी मजा कागदात नाही. सासूबाईंना आजीचं एक वाक्य आठवत होतं, 'आपण कडू पाण्याचे'. तो त्यांचा क्लॅन, तोडिचीनी, मूळच्या चार क्लॅनपैकी एक. आपल्या गोत्रासारखंच, एकाच क्लॅनमध्ये लग्न चालत नाही, फक्त हा आईकडून येतो. म्हणजे रक्ताचा अपूर्णांक दर पिढीला निम्मा होतो पण क्लॅन होत नाही, 1/8 वाला माझा नवरा अख्खा तोडिचीनी. लेकीचं मात्र गणित वेगळं, आई मी, त्यामुळे ती तोडिचीनी नाही, तोडिचीनींसाठी जन्मलेली असं म्हणायचं, म्हणजे तो तिच्या बापाचा क्लॅन. सासूबाईंनी तिला ते वाक्य पाठ करून घेतलंय, आणि आता ती मला विचारते, 'मग तुझा क्लॅन कोणता गं?'

कंपनीला 5 पैकी 1, आर्काइव्हजच्या याद्यांना साडेचार, अर्धा कापला तो त्या कारकुनाच्या अक्षरासाठी.