पालिकेची सीबीएसई की पालिकेचीच मराठी शाळा?

मुंबई महापालिकेने 2020-21 मध्ये जोगेश्वरी पूर्वेला पूनमनगरात सीबीएसई शाळा सुरू केली. तेव्हापासून आसपासच्या पालकांचं एक गणित पक्कं झालंय: सोडतीत नंबर लागला तर सीबीएसई, नाही तर मराठी शाळा आहेच. हा क्रम मला पटत नाही. दोन्ही शाळा पालिकेच्याच, फी दोन्हीकडे नाही. फरक बघायचा तो पटात, निकालात आणि भाषेत.

सीबीएसईकडे जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून सोडत. मराठी शाळेत जून उलटल्यावर गेलात तरी मुलाला घेतात. भरलेली ती चांगली, असं आपण धरून चालतो. पण वीस मुलांच्या वर्गात बाईंना प्रत्येकाची वही रोज बघता येते, हे कोणी मोजत नाही. अर्थात कमी पटाची दुसरी बाजूही आहे. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे सरकार मंजूर करतं तेव्हा, शिक्षकांची पदं पटावर ठरतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यांचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं आणि दोन इयत्ता एका खोलीत बसू लागतात. तेव्हा मुख्याध्यापकांना आजचा पट विचारून थांबू नका. तीन वर्षांपूर्वी किती होता, आणि पहिली ते चौथीला आज प्रत्यक्ष किती शिक्षक आहेत, हेही विचारा.

दहावीच्या टक्क्यांवर फार जाऊ नका. निकाल परीक्षेला बसलेल्यांवर निघतो. पंचवीस बसले, पंचवीस पास झाले, की फलकावर शंभर टक्के. आठवीत चाळीस होते, हे फलक सांगत नाही. पालिकेच्या बऱ्याच मराठी शाळा तर दहावीपर्यंत नाहीतच. तिथे विचारायचं ते एवढंच, की शेवटची इयत्ता झाल्यावर मुलं जातात कुठे. सीबीएसई आणि राज्य मंडळाचे टक्के शेजारी ठेवण्यातही अर्थ नाही, पेपरच वेगळे. शिवाय मुलं सोडतीने घेतली तरी अर्ज भरणारे पालक मुळात धडपडे असतात. शाळेच्या यशात तोही वाटा धरा.

भाषेचा प्रश्न घरचा आहे. मराठी शाळेचा गृहपाठ आजीही बघते. इंग्रजी माध्यमाचा कोण बघणार, हे प्रवेशाआधी ठरवा. मराठी सुटेल ही भीती मात्र नको. 2020 च्या कायद्याने राज्यात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. केंद्र सरकारची बदलीची नोकरी असेल तर सीबीएसईच घ्या, तिथे वाद नाही.

घराजवळच्या मराठी शाळेचा पट टिकून असेल आणि इयत्तेगणिक शिक्षक असेल, तर मी तिथेच नाव घालीन. दोन इयत्ता एकत्र बसत असतील तर सोडतीचा अर्ज भरीन. पण त्याआधी दोन्हीकडे एकदा जाऊन तिसरीतल्या एखाद्या मुलाला न शिकवलेला धडा मोठ्याने वाचायला सांगीन.