मराठी स्लाइड्ससाठी मुक्ता फाँट आणि स्वतः बसवलेला मास्टर: आठ महिने वापरल्यानंतर

मी द्राक्ष बागायतदारांना प्रशिक्षण द्यायचं काम करते, सांगली जिल्ह्यात, जास्त करून तासगाव आणि मिरज भागात. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या तयारीपासून खरड छाटणीपर्यंत, सगळी प्रेझेंटेशन्स मी एकाच पद्धतीने केली. पॉवरपॉइंट, त्यात मुक्ता फाँट आणि मराठीसाठी स्वतः सेट केलेला स्लाइड मास्टर, म्हणजे ज्यात एकदा बदल केला की सगळ्या स्लाइड्सना लागू होतो तो मूळ साचा. मराठीत स्लाइड्स करणाऱ्या शिक्षकांना, डॉक्टरांना, बचत गटवाल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी काय होत होतं ते सांगते. एका साइटवरून टेम्प्लेटचा गठ्ठा विकत घेतला होता, इंग्रजीत बघितला की डोळे दिपावेत असा, आणि त्यात मराठी टाकलं की सगळं विस्कटायचं. हेडिंगमध्ये अक्षरं लांब लांब ठेवलेली होती, इंग्रजीत ते छान दिसतं पण मराठीत शिरोरेषाच तुटते, "छाटणी" हा शब्द तीन तुकड्यांत वाचावा लागतो. जिथे तिथे तिरकी अक्षरं, मराठीत ती परंपराच नाही, कॉम्प्युटर नुसतं अक्षर ढकलून तिरकं करतो. फाँटला स्वतःचा बोल्ड नसेल तर तोही असाच अक्षर फुगवून केलेला असतो, मग भ, ष, क्ष यांच्या आतल्या जागा बुजतात आणि मागच्या रांगेतून नुसते काळे ठिपके दिसतात.

मुक्ता हा मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा फाँट, फुकट आहे, ओपन लायसन्स. सात वजनांत येतो, अगदी बारीक ते एकदम जाड, त्यामुळे बोल्ड खराखुरा मिळतो. रोमन अक्षरंही त्यातच आहेत, म्हणून औषधाचं नाव इंग्रजीत लिहिलं तरी ते परकं वाटत नाही. पहिल्या स्लाइडच्या नावासाठी मी त्यांचाच 'बलू' फाँट वापरते, गुबगुबीत आहे, गावाचं नाव त्यात लिहिलं की लोक खुश होतात. पण बलूमध्ये सगळं प्रेझेंटेशन करू नका, दहा मिनिटांत डोळे थकतात.

आता खरी गोष्ट, जी मला कळायला दोन महिने लागले. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या थीममध्ये मजकुराच्या दोन ओळींतलं अंतर ०.९ असतं. इंग्रजीला ते पुरतं कारण इंग्रजी अक्षराच्या वर आणि खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वरच्या ओळीत "भुरी"चा उकार खाली लोंबतो आणि खालच्या ओळीतल्या "नियंत्रण"ची वेलांटी वर येते, दोन्ही एकमेकांत घुसतात आणि वाचणाऱ्याला कारण न कळता नुसता त्रास होतो. मी स्लाइड मास्टरमध्ये जाऊन ते एकदाच १.२ केलं. बस्स. त्या दिवसापासून माझ्या स्लाइड्स "स्वच्छ" दिसतात असं लोक म्हणायला लागले आणि मी फक्त एक आकडा बदलला होता. त्याच मास्टरमध्ये अक्षराचा आकार ३२ ठेवलाय, हेडिंग ४४, आणि यापेक्षा बारीक मी करत नाही, मजकूर बसत नसेल तर दुसरी स्लाइड घेते.

फोटोंबद्दल. आमच्या विषयात फोटोच सगळं काही आहे. दावण्या हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग आधी पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डागासारखा दिसतो आणि दमट सकाळी पान उलटलं की त्याच डागाखाली पांढरी बुरशी. हे मी पूर्वी पाच मुद्द्यांत लिहायचे आणि कोपऱ्यात छोटा फोटो. आता दोन स्लाइड्स आहेत, पहिलीत पानाची वरची बाजू पूर्ण स्क्रीनभर, दुसरीत खालची बाजू, आणि प्रत्येकीवर एकच वाक्य, "पान उलटून बघा". फोटो मी स्वतः मोबाइलवर बागेत काढलेला आहे आणि त्यात पान धरलेला माझा अंगठा तसाच राहू दिलाय, कारण त्या अंगठ्यामुळे डाग केवढा असतो ते लगेच कळतं. नेटवरच्या गुळगुळीत फोटोत ते कळत नाही. जानेवारीत एका गावात सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, मी पुढे विरळणीवर बोलत होते तेवढ्यात मागून एक काका उठले, "मॅडम, त्यो पानाच्या मागल्या बाजूचा फोटो परत दावा की जरा". स्लाइडचा नंबर दाबून एंटर मारलं की पॉवरपॉइंट थेट त्या स्लाइडवर जातं, मी ९ दाबून एंटर केलं आणि सगळा हॉल पुढे झुकला. मला त्या क्षणी इतकं समाधान वाटलं की सांगता येत नाही.

डागाभोवती गोल करायचा तर लाल नको. हिरव्या पानावर लाल गोल काही पुरुषांना दिसतच नाही, लाल-हिरव्यातला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, आणि आमच्या कार्यक्रमाला बहुतेक पुरुषच असतात. मी जाड पांढरा गोल करते.

बॅकग्राउंडचं पण तसंच. काळी किंवा गडद निळी स्लाइड लॅपटॉपवर भारी दिसते, पण गावातल्या हॉलला पडदे नसतात, दुपारचं ऊन भिंतीवर येतं, प्रोजेक्टर काळा रंग दाखवूच शकत नाही, तो फक्त उजेड टाकू शकतो, मग काळ्याचा राखाडी होतो आणि अक्षरं विरतात. पांढऱ्यावर काळं लिहा. शक्य असेल तर आधी अर्धा तास जाऊन मागच्या खुर्चीत बसून बघा, मी प्रत्येक ठिकाणी बसते.

दोन गोष्टींनी चांगलाच त्रास दिला. एक म्हणजे दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फाइल उघडली आणि मुक्ता गायब, सगळ्या ओळी वेगळ्या फाँटमध्ये जाऊन खालच्या फोटोवर सांडल्या, समोर साठ माणसं बसलेली. फाँट त्या लॅपटॉपवर नव्हता, एवढंच. उपाय सोपा आहे, फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथे फाँट फाइलमध्ये एम्बेड करायचं खूण करा, आणि तरीही एक पीडीएफ पेनड्राइव्हमध्ये ठेवाच. दुसरं म्हणजे फाइलचं वजन. मोबाइलचे फोटो जसेच्या तसे टाकले की चाळीस स्लाइड्सची फाइल उघडायलाच वेळ घेते. कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये १५० पीपीआय, म्हणजे दर इंचाला १५० पिक्सेल, निवडा, स्लाइड १३.३३ इंच रुंद असते म्हणजे साधारण २००० पिक्सेल झाले, नेहमीच्या प्रोजेक्टरला पुरून उरतात. मूळ फोटो मात्र वेगळे जपून ठेवा, सेव्ह केल्यावर ती क्वालिटी परत येत नाही.

गूगल स्लाइड्समध्येही मुक्ता यादीतच मिळतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, शहरात ऑफिसमध्ये काम असेल तर तेच करा. माझ्याकडे गावात नेटचा भरवसा नाही म्हणून मी गेले नाही.

फवारणीचं वेळापत्रक मी आता स्लाइडवर टाकतच नाही. बारा ओळींचा तक्ता स्क्रीनवर कुणी वाचत नाही, लोक मोबाइल वर करून फोटो काढतात आणि ऐकणं थांबतं. तो तक्ता एका कागदावर छापून शेवटी वाटते. आणि प्रश्न विचारताना कीबोर्डवरचं B हे बटण दाबते, स्क्रीन काळी होते, माणसं भिंतीकडून माझ्याकडे आणि एकमेकांकडे बघायला लागतात, तेव्हाच खरी चर्चा सुरू होते. परवा एप्रिलमध्ये खरड छाटणीवर अशीच स्क्रीन काळी केली होती, ती पुढे पंचवीस मिनिटं काळीच राहिली, दोघांनी आपापल्या बागेतल्या काड्या पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या आणि उरलेल्या स्लाइड्स मी दाखवल्याच नाहीत.