ताग, वेत, लोकर: ८ महिन्यांच्या वापरानंतर

मांडून ठेवलेल्या असतात तेव्हा तागाचा गालिचा, वेताची खुर्ची, गवती टोपली, लोकरी गालिचे या सगळ्या वस्तू एकाच कुळातल्या वाटतात. वापरात आल्या की प्रत्येकीचं पाण्याशी वेगळंच नातं निघतं.

सर्वांत कटकटीचा तागाचा गालिचा. ५ बाय ८ फुटांचा असेल तर सोफ्याचे फक्त पुढचे पाय त्यावर येतात, आणि तेच बरं दिसतं. पहिले दोन-तीन महिने त्यातून तूस गळत राहतं. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंदच ठेवा, तो धागे उपसतो. बारीक धूळ विणीतून गळून खाली साठते, म्हणून पंधरवड्यातून एकदा गालिचा उचलून फरशी झाडावी लागते. काही सांडलं तर ओलं फडकं लावायचं नाही; तागातलाच रंग पाण्याबरोबर कडेला सरकतो आणि वाळल्यावर तपकिरी रेघ उमटते, ती जात नाही. कोरड्या कापडाने दाबून टिपा, लगेच पंखा लावा.

वेताचं नेमकं उलट. जाळीची बैठक बोटभर खाली गेली की खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूला कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा. वरची चकचकीत साल पाणी पीत नाही, म्हणून खालून. मग दिवसभर कुणी बसू नये. वाळताना जाळी आवळते. पट्टी तुटलेली असेल तर मात्र हा उपाय फुकट.

घानातल्या बोलगाटांगाची गवती टोपली चेपून आली तर तीही ओली करून, आत कापड कोंबून सावलीत वाळवायची. मुठीचं चामडं भिजू देऊ नका.

किलीममध्ये, म्हणजे लव नसलेल्या सपाट विणीच्या गालिच्यात, दोन रंग भेटतात तिथे उभ्या फटी दिसतात. तो दोष नाही, विणच तशी. पण खुर्चीचा पाय त्यात अडकतो, म्हणून जमिनीपेक्षा भिंतीवर शोभतो. मोरोक्कोच्या लोकरी गालिच्याला कसर लागते ती सोफ्याखालच्या अंधारात. महिन्यातून एकदा तिथे हात फिरायलाच हवा.

एक चूक मात्र हटकून होते. गालिचा, खुर्ची, टोपल्या सगळं गव्हाळी घेतलं की खोलीचं गोदाम होतं. एक काळपट लाकडी स्टूल आणि एक गुळगुळीत, चमकदार भांडं ठेवल्यावरच तागाचा खरखरीतपणा डोळ्यांना जाणवतो.