हातातला रिफ्रॅक्टोमीटर (० ते ३२ ब्रिक्स): छोट्या वायनरीला पुरेसा आहे का?

नाशिक-दिंडोरीकडे वाइन द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. तेव्हा बागेत रोज खिशात ठेवावं असं, रसातली साखर मोजणारं हे उपकरण आहे (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची अंदाजे टक्केवारी). बॅटरी लागत नाही, दोन थेंब रसात काम होतं. तापमान आपोआप जुळवणाराच प्रकार घ्या, आपल्या दुपारच्या उन्हात साधा चुकीचं दाखवतो.

आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्य जुळवा, वरचा छोटा स्क्रू त्यासाठीच असतो. एकाच घडाचा रस घालून तोडणी ठरवू नका. वरच्या खांद्याचे मणी गोड आणि टोकाचे कच्चे निघतात. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, उन्हातले-सावलीतले मिळून शंभरेक मणी घ्या, पिशवीत कुस्करा, गाळा आणि मगच थेंब ठेवा. काचेवर साल किंवा बुडबुडा राहिला की आत दिसणारी, आकडा दाखवणारी निळी-पांढरी रेघ धूसर होते. सकाळी दव असेल तर मणी पुसून घ्या, नाहीतर आकडा खाली येतो.

२२ ब्रिक्स म्हणजे तयार वाइनमध्ये अंदाजे साडेबारा टक्के अल्कोहोल. पण आम्लता यात कळत नाही, आणि उष्ण हवेत साखर भरेपर्यंत आम्ल झपाट्याने उतरतं. म्हणून सोबत पीएच मीटर हवाच.

सगळ्यात मोठी मर्यादा: यीस्टने काम सुरू केलं की अल्कोहोलमुळे आकडा खऱ्या साखरेपेक्षा जास्त दिसतो. आंबवण्याच्या टाकीसाठी हायड्रोमीटरच (रसात तरंगून घनता दाखवणारी नळी) वापरा. धुताना नळाखाली धरू नका, आत पाणी शिरलं की भिंगावर वाफ धरते. ओल्या मऊ कापडाने पुसलं की झालं.