आयबायॉलॉजीवरील बॉनी बॅसलर यांची व्याख्याने
आयबायॉलॉजी या मोफत व्याख्यानसेवेवर बॉनी बॅसलर यांची जिवाणूंच्या परस्परसंवादावरील व्याख्याने पाहिली. १९९० मध्ये जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवलेल्या बॅसलर मायकेल सिल्व्हरमन यांचे चमकणाऱ्या सागरी जिवाणूंवरील भाषण ऐकून त्यांच्याच प्रयोगशाळेत गेल्या, आणि १९९४ पासून प्रिन्स्टनमध्ये त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहेत. एकटा जिवाणू चमकत नाही. सर्वांनी सोडलेला रेणू भोवताली पुरेसा साठला, की सगळे एकदम उजळतात. चांदण्यात स्वतःची सावली पडू नये म्हणून हा उजेड वापरणाऱ्या हवाईतील इवल्याशा माकूलाचे (स्क्विड या सागरी प्राण्याचे) उदाहरण त्या इतक्या रंगून सांगतात, की टिपणवही बाजूलाच राहते. हा रेणू ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांचा भाग मात्र मला दोनदा पाहावा लागला; बारावीचे जीवशास्त्र विसरलेल्यांनी तो सवडीनेच लावावा.