सीएनसी टर्निंगचा ऑनलाइन कोर्स : प्रोग्रामिंगला झकास, कास्टिंगला शून्य

मी बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा. साध्या लेथवर वाढलेला माणूस. शेडमध्ये टर्निंग सेंटर, म्हणजे प्रोग्रामवर चालणारं सीएनसी लेथ, आलं तसं मालक म्हणाले, शिकून घे. म्हणून साडेतीन हजार भरून हिंदीतला कोर्स घेतला. नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारपण आहे.

आधी चांगलं. सर जीव तोडून शिकवतात. आमच्यात फेसिंगच्या, म्हणजे जॉबचं (मशीनवर लावलेल्या तुकड्याचं) तोंड सपाट करायच्या, प्रोग्रामला सगळे जी ५० एस २००० ही ओळ लिहायचे, का लिहायचं ते कुणी सांगत नव्हतं. सरांनी गणित मांडलं. जी ९६ या आज्ञेत कटिंग स्पीड कायम राहतो, म्हणजे मिनिटाला १५० मीटर धरले तर ५० मिमी व्यासावर साधारण ९५५ आरपीएम, तोच १० मिमीवर ४,७७५! टूल मध्याकडं जाईल तसा स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) पिसाळतो, म्हणून आधी जी ५० नं २,००० आरपीएमचा लगाम घालायचा. टूलच्या टोकाच्या त्रिज्येचंही तसंच. ०.८ मिमी त्रिज्येच्या इन्सर्टनं (टूलच्या बदलत्या पात्यानं) सरळ टर्निंग बरोबर येतं, टेपरला (निमुळत्या भागाला) मात्र माप चुकतं. सिम्युलेटरवर जी ४२ (ही त्रिज्या हिशोबात धरणारी आज्ञा) काढून-घालून दाखवल्यावर ते डोक्यात बसलं. एवढ्यासाठीसुद्धा पैसे गेले असं म्हणणार नाही.

आता तक्रार. त्यांच्या सिम्युलेटरात कायम चकचकीत ॲल्युमिनियमचा बार. आमच्याकडं येतं बीडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग, तेही वाळू चिकटलेलं. वरची कातडी कडक असते, पहिला पास (काप) तिच्याखालून घ्यावा लागतो, वरवर घासलात की इन्सर्टचं टोक गेलंच. बेळगावातल्या निम्म्या शेडना लागणारी गोष्ट, आणि अख्ख्या कोर्सात त्यावर एक वाक्य नाही.

जॉब पकडण्याचंही तेच. हायड्रॉलिकची पातळ बॉडी चकच्या तीन जॉमध्ये (जबड्यांत) जास्त आवळली तर बोअर (आतलं भोक) मशीनवर गोल दिसतो, सोडला की तीन बाजूंनी फुगतो. २५ एच ७ ला, म्हणजे २५ मिमीच्या नेमक्या मापाच्या बोअरला, फरकाला जागा अवघी २१ मायक्रॉन. दोन टोकांच्या बोअर गेजवर ते कळतही नाही, तीन टोकांचा मायक्रोमीटर लागतो. स्क्रीनवर काय, चक कितीही आवळा.

शंका विचारली तर उत्तर दोन-तीन दिवसांनी. परीक्षा घरी बसून, वही उघडी. सर्टिफिकेट मालकांनी बघितलंसुद्धा नाही, जॉब काढून दाखव म्हणाले, आणि ते बरोबरच आहे की.

आयटीआयची पोरं असतील तर आधी सरकारचं भारत स्किल्स बघा, ट्रेडचे अभ्यासक्रम नि प्रश्नसंच फुकट आहेत. हा कोर्स घ्यायचाच तर ज्याला रोज मशीनवर हात लावायला मिळतो त्यानंच घ्या, आणि फोनवर नको, सिम्युलेटरची बटणं बोटाखाली दिसत नाहीत. पैसे भरण्याआधी एक डेमो क्लास मिळतो. त्यात सरांना बीडाच्या पहिल्या पासबद्दल विचारा आणि काय सांगतात ते मलापण कळवा.