लाकडी रायझर 8 महिने वापरल्यानंतर: वरचा लिम्ब कपाळावर का येतो

परवा माझ्या धनुष्याच्या रायझरमधून, म्हणजे मधल्या, हातात धरायच्या भागातून, स्टॅबिलायझरचं (तोल सांभाळायला लावतात तो रॉड किंवा वजन) पितळी बुशिंग, म्हणजे आतून आटे असलेली नळी, अख्खं बाहेर आलं, म्हणून लिहायला बसलेय. 62 इंची टेकडाऊन, म्हणजे भाग सुटे करता येणारं धनुष्य, ओढ 30 पाउंड. 8 महिने रोज सकाळी 18 मीटरवर मारतेय. लाकूड म्हणून धनुष्य सुंदरच आहे, थंडीत ग्रिप मेटलसारखी गार पडत नाही.

पण बॅलन्स! बाण सुटला की वरचा लिम्ब (धनुष्याची लवचीक पाती) मागे, थेट कपाळाकडे झुकतो, दर वेळी. आता बघा, बाण टेकतो तो शेल्फ साधारण मध्यावर हवा, म्हणून ग्रिपचा खोलगट भाग, जिथे अंगठ्याचं बेचकं बसतं, तो मध्याच्या खाली जातो. म्हणजे हाताच्या वर धनुष्य जास्त, खाली कमी. ऑलिम्पिकवाल्यांचं लांब रॉडमुळे पुढे डोलतं, आपलं लाकडी घरच्या काट्यावर दोरीसकट 1180 ग्रॅम, त्याला खाली धरून ठेवणारं काहीच नाही. मग ते पडू नये म्हणून बोटं आवळली जातात, आवळली की रायझर पिळतो आणि बाण डावीकडे. दोन महिने मी उगाच रिलीज, म्हणजे दोरी सोडण्याची पद्धत, सुधारत बसले होते.

ग्रिपखाली पुढच्या बाजूला बुशिंग आहे, तिथे वजन लावायचं ठरवलं. तयार वजनाची किंमत ऐकून हार्डवेअरमधून 8 एमएमचा बोल्ट आणला. दोन फेरे गेला आणि अडकला, मी जोर लावला, ही चूक करू नका. ते बुशिंग 5/16 इंच, इंचाला 24 आटे, जाडी जवळपास 8 एमएमच पण आटे वेगळे. शेवटी लेथवाल्याकडून 30 एमएम जाडीचा, 40 एमएम लांब पितळी गोल बरोब्बर आटे पाडून घेतला, साधारण 240 ग्रॅम भरतो.

पहिल्याच दिवशी फरक. बोटं सैल सोडली तरी धनुष्य हातात उभं राहतं, मग हळूच पुढे कलतं. त्या सकाळी मी घरी जायलाच तयार नव्हते. बेअरबोसाठी (साइट आणि लांब रॉडशिवायचा स्पर्धाप्रकार) दोरी उतरवलेलं धनुष्य 12.2 सेंमीच्या कड्यातून जावं लागतं, तेही पुठ्ठ्याला भोक पाडून तपासलं, गेलं.

आणि तीन महिन्यांनी बुशिंग निखळलं. विकणारा म्हणतो वजन लावलं म्हणजे मॉडिफिकेशन, वॉरंटी नाही. अहो, भोक तुम्हीच पाडून दिलंय ना, मग ते कशासाठी? चार फोन केले, फोटो पाठवले, उत्तर तेच.

अपडेट, दोन आठवड्यांनी: भोक साफ करून दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीने बुशिंग परत बसवलं, 24 तास हात लावला नाही, घट्ट बसलंय. मधल्या काळात वजनाशिवाय मारावं लागलं तेव्हा कळलं की सगळा दोष रायझरचा नव्हता, मी तळहाताची खालची गादी टेकवून दाबत होते, त्यानेही खालचा भाग पुढे आणि वरचा मागे जातो. दाब बेचक्यात आणला तर वजनाशिवायही झुकणं निम्मं होतं. उरलेल्या निम्म्याला मात्र वजनच लागतं. 400 ग्रॅमचंही उसनं घेऊन लावून बघितलं, साठाव्या बाणाला खांदा खाली यायला लागला, परत दिलं.

लेथवाल्याकडे जाताना बुशिंगमध्ये बसणारा एखादा जुना बोल्ट सोबत न्या, तोंडी सांगितलं की 8 एमएमचेच आटे पाडून देतात.